स्कॉटलंडच्या भुताला 'अहो'

गेल्या वर्षी सप्टेंबरात एक स्कॉटिश भूत आमच्या घरी तीन आठवडे मुक्कामाला होतं. त्याला मुलीनं आणलं, सासूबाईंनी सुधारलं आणि त्याचं वेळापत्रक मी केलं.

आधी मुलीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात तीन वर्षं काढली, पर्मनंट झाली आणि पर्मनंट झाल्यावर पाचव्या महिन्यात राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "आई, मी दिवसभर गेज घेऊन भोकं मोजते." मी म्हणाले, "मी चोवीस वर्षं बोल्ट मोजतेय. अजून जिवंत आहे." मी दुसऱ्या एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. उद्या लाइनवर काय लागणार आणि ते आज कुठे अडकलंय, हे शोधणं माझं काम. पण तिला लिहायचं होतं. परदेशी मालिका मराठीत डब होतात, त्यांचे संवाद कुणीतरी लिहितं, हे तिला कळलं होतं, आणि एका स्टुडिओनं तिला चाचणीसाठी एक भाग दिलाही होता.

घरात करार असा ठरला: भाग पसंत पडला तर स्टुडिओचे पुढचे सातही भाग तिचे, आणि ती घरी बसून लिहील. नाही पडला तर एक तारखेला जुन्या कंपनीत परत. तिच्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत जागा अडवून ठेवली होती, भला माणूस. हे सगळं मी कागदावर मुद्देसूद लिहून फ्रिजवर लावलं. नवऱ्यानं वाचून विचारलं, "साक्षीदार म्हणून सही कुणाची घेणार? भुताची?"

माझं स्वतःचं मत कागदावर नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. मी तिचे सेफ्टी शूज धुऊन गॅलरीत वाळत ठेवले होते.

भाग आम्ही पहिल्यांदा पाहिला तो एका गुरुवारी, दुपारी तीन वाजता. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, आणि त्या आठवड्यात नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट होती. म्हणजे रात्री साडेनऊला झोप. भुताची मालिका अंधारात बघायची असते असं मुलीचं म्हणणं, म्हणून मी खिडकीला दोन चादरी लावल्या. आत अंधार झाला, बाहेर भंगारवाला ओरडत होता, आणि पंख्याखाली आम्ही चौघं बसलो. सासूबाई मधोमध, खुर्चीवर.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. या आत्या मूळच्या इथल्याच, मोशीच्या. आज आमची सोसायटी जिथे उभी आहे त्या जमिनीत त्यांनी ज्वारी काढलेली आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटेल त्या माणसाला त्या हक्कानं 'तू' म्हणतात, मग तो कुठल्याही मजल्यावरचा असो. त्यांना इंग्रजी येत नाही. मुलगी शेजारी बसून गोष्ट मराठीत सांगत होती.

गोष्ट साधी होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात एक बेट. तिथे हॅलोविनच्या संध्याकाळी माणसं पेंढ्याचे कपडे घालून, तोंडावर कापड बांधून घरोघर जातात. दारात गाणं नाहीतर कविता म्हणतात, आणि घरातल्यांनी ओळखायचं की आत कोण आहे. नाव बरोबर सांगितलं की पाहुणा तोंड उघडं करतो, आत येतो, खाऊन जातो. नाव सांगितल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचं नाही, असा नियम. एका घरात एक बाई एकटी राहते. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही, प्रेतही मिळालं नाही. त्या संध्याकाळी तिच्या दारात पाच जण येतात. चौघांना ती ओळखते. पाचवा गाणं म्हणत नाही. नुसता उभा राहतो, आणि त्याच्या पेंढ्यातून पाणी ठिबकत असतं.

"हे तर बुजगावणं हाय," आत्या म्हणाल्या.

"आज्जी, गप्प बस ना. भीतीचा सीन आहे."

"बुजगावण्याला कोण भितंय? पाखरं."

मग बाईनं मेलेल्या माणसांसाठी टेबलावर एक जादा ताट मांडलं, तेव्हा आत्या एकदम सावरून बसल्या. पितृपक्ष तोंडावर होता. "म्हंजी त्यांची बी पितरं येत्यात."

"हो, असंच काहीसं."

"मग येऊ द्यायचं की. आपलीच माणसं. दार कशाला लावून घेतीया ती? आपण तर कावळा आला न्हाई तर हाका मारतो." नवऱ्याला हसू आवरेना. मुलगी मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होती. मला ते बरं वाटलं. निदान वही आहे.

शेवटी ती बाई नवऱ्याचं नाव घेते, पाहुणा आत येतो आणि दिवे जातात. सकाळी शेजारी येतात तेव्हा घरात कुणी नसतं, जमिनीवर समुद्राचं पाणी आणि ओला पेंढा. मला थोडी भीती वाटली, हे मी कबूल करते. जास्त करून फरशीची.

पुढच्या गुरुवारी मुलीनं पहिला मसुदा वाचून दाखवला. आठवडाभर ती हेडफोन लावून बसली होती. हे काम मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच काटेकोर निघालं. वाक्य मूळच्याएवढंच लांब हवं, आणि पडद्यावर ओठ मिटताना दिसत असतील तिथे प, ब, म असं काहीतरी यायला हवं, नाहीतर बोलणं ओठांवर बसत नाही. ती मिलिमीटरऐवजी सेकंद मोजत होती, एवढाच फरक. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "आई, माहितेय मला. म्हणूनच जमतंय."

तिनं वाचलं. पाचवा पाहुणा दारात उभा राहून म्हणाला, "मी परत आलो आहे. तू मला ओळखणार नाहीस का? कृपया दार उघड."

आत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यो मीटर बघाया आलाय."

"आज्जी!"

"परवा आल्ता तो असाच बोलला. कृपया दार उघडा, म्हनं. भुताला कसलं कृपया?"

नवरा म्हणाला, "ओळखपत्र दाखव म्हणावं." मुलीनं वही मिटली आणि आत गेली. आमच्या घरात चेष्टेला वेळकाळ नसतो, आणि त्या दिवशी तो असायला हवा होता. तिच्याकडे बारा दिवस उरले होते. मी नवऱ्याकडे बघितलं. तो चहा ठेवायला उठला. त्याची माफी मागायची हीच पद्धत आहे.

चहा झाल्यावर आत्यांनीच तिला हाक मारली. "ये इकडं. रुसू नको. मला सांग, ह्यो बाप्या कोण हाय?"

"तिचा नवरा."

"मंग नवऱ्यावानी बोलू दे की त्याला. दिसभर बाहीर राहून माणूस घरी येतंय. ते काय म्हणतंय? 'मी परत आलो' म्हणतंय व्हय? तुझा आजा वावरातनं यायचा, खाकरायचा अन् दारातनं म्हणायचा, 'हाय का घरात?' रोज. कुटं जाणार व्हते मी? पण रोज इचारायचा."

मुलीनं वही पुन्हा उघडली. मी भांडी घासत होते. आत्या अगदी साध्या आवाजात, आजोबांची नक्कल करत पुन्हा म्हणाल्या, "हाय का घरात?" आणि माझ्या हातातला तवा तसाच राहिला. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. बोलण्याची ढब हुबेहूब त्यांची होती.

"आहेस का घरात," मुलगी पुटपुटली, आणि लिहून घेतलं. मग तिनं मान वर केली. "बसतंय. ओठांवर पण बसतंय."

"अजून एक," आत्या आता रंगात आल्या होत्या. "ती बाई सारखं त्याचं नाव का घेतीया?"

"तिकडं घेतात आज्जी. नवऱ्याला नावानं हाक मारतात."

"मारू दे की. पण समदा वेळ नाव घेतलं, फोटोपुढं घेतलं, शेजारणीपुढं घेतलं, तर मग शेवटाला काय ऱ्हातंय? त्याला आत घ्यायचं तर नाव घ्यावं लागतं, असंच हाय ना? मग ते नाव महाग पाहिजे. आमच्या टायमाला नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणायचे."

"पण हा तर मेलेलाच आहे. ह्याचं काय घटणार?"

"ह्याचं सरलंय," आत्या म्हणाल्या. "आता तिचं घटंल."

बाहेर लख्ख ऊन होतं.

आत्यांनी आजोबांचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. ते गेल्यावर वारसनोंदीच्या कामाला मी त्यांना घेऊन एका कार्यालयात गेले होते. तिथल्या माणसानं तीनदा विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव?" तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "ही सांगंल." शेवटी तो म्हणाला, "आजी, उखाण्यात घ्या हवं तर." आत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फॉर्म निमूटपणे माझ्याकडे सरकवला. मीही काही वेगळी नाही. कंपनीच्या सगळ्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव ठळक अक्षरात लिहिते, फोनवर बँकेला स्पेलिंगसकट सांगते. पण त्याच्या तोंडावर सत्तावीस वर्षं 'अहो'. कुणी सक्ती केली नव्हती. एकदा सुरू झालं ते झालं. मुलीच्या मैत्रिणी नवऱ्यांना नावानं हाका मारतात, कधीकधी 'ए' म्हणतात, त्यांचं काही घटलेलं दिसत नाही.

मुलीनं सगळं पुन्हा लिहायला घेतलं, आणि इथे मी उपयोगी पडले. मी तक्ता केला. बाईच्या तोंडी नवऱ्याचं नाव एकूण अकरा वेळा. किती मिनिटाला, समोर कोण, चेहरा दिसतो की पाठ, ओठ मिटतात की नाही. नावात ओठ कुठे मिटत नव्हते, तोंड उघडंच राहत होतं, त्यामुळे तिथे 'अहो' अचूक बसत होतं. शेजारणीशी बोलताना 'आमचे हे'. अकरापैकी दहा ठिकाणी नाव गेलं. अकराव्या ठिकाणी, दारात, राहिलं. हे काम मी मुलीला परत कंपनीत पाठवायच्या बाजूची असताना केलं, हे नमूद करते. अडलेलं काम समोर दिसलं की मला राहवत नाही.

मसुदा गेला. पुढच्या मंगळवारी स्टुडिओच्या मॅडमचा अभिप्राय आला. भुताचे संवाद उत्तम, असं लिहिलं होतं. पण पुढे: स्कॉटिश बाई नवऱ्याला 'अहो' म्हणणार नाही. प्रेक्षक हसतील. सर्व ठिकाणी नाव परत घालावं आणि शनिवारपर्यंत पाठवावं, मग निर्णय कळवू.

संध्याकाळी जेवताना चर्चा झाली. मी म्हणाले, "घाल नाव परत. त्या सांगतात ते कर, पास हो, पुढच्या भागात तुला हवं ते कर."

नवरा मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "ड्रॉइंगप्रमाणे पार्ट द्यायचा, बाळा. ड्रॉइंग कुणी का काढलं ते आपण विचारायचं नाही."

"पप्पा, पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे आणि असेंब्लीत बसत नाही, असं कितीदा होतं?"

नवऱ्यानं घास चावत विचार केला. "आठवड्यातून दोनदा."

"मग तेव्हा काय करता?"

"ड्रॉइंगवाल्याला बोलावून दाखवतो. फोनवर सांगून कळत नाही त्यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. रागाच्या भरात तिनं शनिवारी काहीच पाठवलं नसतं, आणि एक तारखेला माझ्या मनासारखं झालं असतं. पण प्रश्न कामाचा होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. "दोन सॅम्पल पाठव," मी म्हणाले. "नाव येतं ते अकराही प्रसंग, दोन्ही प्रकारे, आवाजासकट. वाद घालू नको. ऐकू दे त्यांना."

भुताचा आवाज आत्या देणार होत्या, पण आत्यांचं भूत 'हाय' सोडायला तयार नव्हतं. म्हणून भूत मुलीनं स्वतः आवाज खाली आणून केलं. मग बाई कोण करणार? आत्यांचा आवाज म्हातारा. राहिले मी.

गुरुवारी दुपारी बेडरूममध्ये दोन कपाटांच्या मधे आम्ही गोधड्या टांगल्या. हायवेच्या ट्रकांचा आवाज अडवायला हे लागतं म्हणे. मी आत उभी, हातात कागद, समोर फोन, घामाच्या धारा. आत्या पलंगावर बसून देखरेख करत होत्या. नवऱ्याला घराबाहेर जायला सांगितलं होतं, पण तो गॅलरीत कपड्यांची दोरी ताणत होता. ती सैल झाल्याचं त्याला त्याच दिवशी दिसलं.

पहिलं सॅम्पल, नावांचं, पटकन झालं. परकं नाव, मी अकरा वेळा घेतलं, पार्ट नंबर वाचावा तसं. दुसऱ्यात 'अहो' फारच चांगलं जमलं; सरावच दांडगा. पण दाराशी, जिथे नाव घ्यायचं, तिथे मुलगी पुन्हा पुन्हा थांबवायला लागली.

"आई, आतून येत नाही."

"काय यायला हवं आतून? नाव तर घेतलं."

"तू पार्सल आल्यासारखं घेतेस."

सात वेळा झालं. आठव्यांदा माझा आवाज चढला. तेव्हा पलंगावरून आत्या म्हणाल्या, "तिला तिच्या नवऱ्याचं नाव घ्यायला लाव एकडाव. मग कळंल तिला."

"काहीतरीच काय, आत्या."

"का? घे की. तो काय हितं हाय?"

तो तिथेच होता, पंधरा फुटांवर, हे त्या विसरल्या होत्या की नव्हत्या, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी कागद खाली केला. वाटलं होतं, एक सेकंदाचं काम. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. पन्नाशीची बाई, दीडशे माणसांच्या लाइनचं प्लॅनिंग करणारी, आणि घशात तीन अक्षरं अडकलेली. मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. मग मी डोळे मिटले आणि त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं नाही. जरा कापऱ्या आवाजात आलं ते.

गॅलरीत काहीतरी धाडकन पडलं. स्टूल होतं ते. दुसऱ्या क्षणी नवरा गोधडी बाजूला सारून आत. चेहरा पांढराफटक, हातात पक्कड.

"काय झालं? कुणाला काय झालं?"

"काही नाही."

"मग नाव का घेतलंस?"

आत्या हसायला लागल्या त्या थांबेनात. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी. मुलगीही आता हसत होती. नवरा मात्र पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "मला वाटलं आईला काही झालं. नाहीतर तुला." मी त्याला पाणी आणून दिलं. त्यानं ते पूर्ण प्यायलं. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "परत असं करायचं असेल तर आधी मेसेज टाकत जा."

"अहो, रिहर्सल होती," मी म्हणाले.

"हां. हे बरं वाटतं ऐकायला," तो म्हणाला, आणि दोरीकडे परत गेला.

मुलीनं फोन पुढे धरला. "आई, लगेच. आत्ता. त्या बाईच्या नवऱ्याचं." मी घेतलं. एकदाच. तिनं ऐकून बघितलंही नाही. "झालं," म्हणाली.

दोन्ही सॅम्पल शुक्रवारी गेली. शनिवारी मी कामावर होते. संध्याकाळी बसमधून उतरले तर मुलगी गेटवरच उभी, आणि चेहऱ्यावरून काही कळेना. हा गुण तिनं माझ्याकडून घेतलाय.

"फोन आला होता," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, पहिल्या दोन 'अहों'ना त्या हसल्या. ऑफिसातले सगळेच हसले. मग तिसऱ्यापासून हसणं थांबलं, आणि दारातल्या नावाला त्यांनी घाबरून आवाजच बंद करून टाकला."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिले दोन काढायचे, तिथे नुसतं 'ऐकलं का' टाकायचं. बाकी ठेवायचे. आणि पुढचे तीन भाग देतायत. ते जमले तर उरलेले."

"सात म्हणाले होते."

"तीन म्हणाले आता."

मी हिशेब केला नाही, असं म्हणणार नाही. तीन भाग म्हणजे दोन महिने. पुढचं अधांतरी. तिकडे जागा पक्की, बस दारात, पीएफ. आम्ही गेटपासून लिफ्टपर्यंत चालत आलो, आणि करारात 'तीन भाग' असा मुद्दाच नव्हता हे माझ्या लक्षात आलं. तिच्याही आलं असणार. ती माझ्याकडे बघत नव्हती. हे मीच ठरवायचं, असं तिनं माझ्यावर सोडलं होतं. किंवा मी काय ठरवते ते तिला बघायचं होतं.

लिफ्टमध्ये मी म्हणाले, "साहेबांना आजच कळव. बिचाऱ्यांनी महिनाभर जागा अडवलीय. त्यांना दुसरं माणूस बघता आलं पाहिजे."

"काय कळवू?"

"येत नाही म्हणून. आभार मान आधी. दोन ओळी पुरेत."

तिनं लिफ्टमध्येच लिहिलं. मी वाचून एक शुद्धलेखनाची चूक काढली. सहाव्या मजल्यावर तिनं पाठवलं.

एक तारखेला सकाळी मी नेहमीसारखी हायवेला बससाठी उभी राहिले. आमच्या स्टॉपवरच्या बाईंना मी मागे कधीतरी सांगून ठेवलं होतं की मुलगी परत रुजू होणार. त्यांनी विचारलं, "आज मुलगी येणार होती ना? दिसत नाही."

"ती कामावर बसली," मी म्हणाले.

"एवढ्या लवकर? कुठं?"

"घरीच. साडेसहाला सुरू केलं तिनं. दुसरा भाग आलाय."

आणि मग मी सांगत सुटले. की या भागात तळ्यातून एक घोडं बाहेर येतं. दिसायला देखणं, गरीब, पाठीवर बसलं की चिकटून बसायला होतं आणि ते माणसाला घेऊन पाण्यात जातं. स्कॉटलंडमधल्या लोकांकडे त्याला खास शब्द आहे, आपल्याकडे नाही, आणि मुलीचं काल संध्याकाळपासून तिथेच अडलंय.

बस आली. बाई माझ्या शेजारी बसल्या. त्या म्हणाल्या, पाणघोडा म्हणा. मागून एक मुलगा म्हणाला, "काकू, पाणघोडा म्हणजे हिप्पो. हिप्पोच्या पाठीवर कोण बसतंय?" परभणीचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे विहिरीत आसरा असतात, पण त्या बायका, घोडं काही ऐकलं नाही. कोकणातला एक जण म्हणाला, गिऱ्हा म्हणा, तो पाण्यातच असतो आणि फसवतोच. "पण घोडा असतो का तो?" "तो काय पण होतो हो. त्याला कोण अडवणार?" ड्रायव्हरनंही आरशात बघत एक शब्द सुचवला, तो मी लिहून घेतला नाही.

चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे अर्धा तास अडकलो. तोवर प्लॅनिंगच्या कागदाच्या मागे माझ्याकडे नऊ शब्द जमले होते, कुणी सुचवले त्यासकट. मी फोटो काढून मुलीला पाठवला.

तिचं उत्तर बस हलायच्या आत आलं. "एकही चालणार नाही. संध्याकाळी येताना अजून आण."